शिक्क्याचे लंगोट

गोर्नी ब्रेस्त, ६ मार्च १९८३

प्रिय वेल्को,

तुझ्या लेकीला आज सहा आठवडे झाले. नाक तुझं आहे, आवाज तुझ्या आईचा, आणि बाकी सगळं ओलं. तू नोव्हेंबरात सैन्यात गेलास, ती जानेवारीत आली. दोन महिने उशिरा बोलावलं असतं तर सैन्याचं काय बिघडलं असतं कोण जाणे, निदान तू तिचं तोंड तरी पाहिलं असतंस.

मी कशी आहे असं विचारलं होतंस. मी लंगोट धुते. एकूण अठरा आहेत. सहा माझ्या माहेरचे, सहा दुकानात रांग लावून मिळवलेले, आणि सहा तुझे स्वतःचे, आईंनी पेटीत जपून ठेवलेले. त्यातल्या एकाला मधोमध भोक आहे. ते तुझंच कर्तृत्व, असं आई कौतुकाने सांगतात. बरं, अठरा पुरलेही असते. पण गेल्या आठवड्यात दवाखान्यातली नर्सबाई सायकलवरून आली, नेवेनाचे पाय उघडून मिटून बघितले आणि म्हणाली, खुब्याचे सांधे जरा सैल आहेत, घाबरू नका, पण तीन महिने रुंद बांधायचं. म्हणजे एकावर एक दोन लंगोट, पाय बेडकासारखे फाकलेले. झालं, अठराचे नऊ झाले. आणि ही बया दिवसाला अकरा वेळा करते.

साबणपूड ऑक्टोबरपासून दुकानात नाही. कॉफीही नाही, पण कॉफीने लंगोट निघत नाहीत. वीज एक दिवस आड जाते. आणि वरून तुझी आई. सूर्य मावळायच्या आत बाळाचं धुणं घरात आलंच पाहिजे, नाहीतर अंधारातलं काहीबाही कपड्यांवर बसतं आणि बाळाला बाधतं. आपल्या घरामागे डोंगर, त्यामुळे आपला सूर्य चारलाच मावळतो. मी म्हटलं, आई, अजून ओले आहेत हो. तर म्हणाल्या, ओले चालतील, बाधलेले नाही चालणार. मग सगळं स्वयंपाकघरात चुलीभोवती टांगायचं आणि त्याखालून वाकून वाकून जेवायचं. वाळले की दोन्ही बाजूंनी इस्त्री. एकाच बाजूने केली तर नाही का चालणार, असं मी एकदाच विचारलं. त्यावर माझ्या माहेरच्या चार पिढ्यांचा उद्धार झाला.

तुझा तो रणगाड्यावर उभा असलेला फोटो त्यांनी आरशाच्या कडेला खोचलाय. माझा वेल्को तोफ चालवतो, असं दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगून झालंय. नेवेनाला रोज फोटोसमोर धरतात. ती तुझ्याकडे टक लावून बघते आणि शी करते.

तुझी रजा मेच्या सुरुवातीला नक्की ना? ज्युर्जेवदानच्या सणाला कोकरू भाजायचं ठरलंय. मला कोकराचं काही नाही. तू एकदा येऊन तिला हातात घे, मग मी पुढचे सहा महिने न कुरकुरता धुईन.

तुझी,
यागोदा


लष्करी छावणी, स्लोव्हेनिया, १५ मार्च

प्रिय यागोदा,

मी ठीक आहे. रणगाडाही ठीक आहे. काल डोंगरावर सराव झाला, मी सहापैकी सहा गोळे बरोबर टाकले. जास्त लिहिता येत नाही, गुपित असतं.

आता लंगोटांचं. तू ते थेट गरम पाण्यात टाकतेस ना? तिथेच चुकतेस. शी आधी थंड पाण्यात खळबळून काढायची. गरम पाणी लागलं की डाग धाग्यात शिजतो, मग कितीही घासलं तरी निघत नाही. थंड पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून भिजत ठेव. साबणपूड नसेल तर साबणाची वडी किस आणि त्यात उकळ, पण हंडा गच्च भरू नको, कापडाला लोळायला जागा पाहिजे. पिळताना पीळ देऊ नको, वीण तिरकी होते आणि चौकोनाचा पतंग होतो. दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढ. शेवटच्या पाण्यात जरासं व्हिनेगर, म्हणजे साबण मागे राहत नाही आणि बाळाला पुरळ येत नाही. वाळत घालण्याआधी तीन झटके दे. दोन कमी पडतात, चार झटक्यांत शिवण उसवते.

हे सगळं मला आमच्या सार्जंटच्या बायकोने सांगितलं.

रजेचं असं आहे. कॅप्टन ब्रेझार म्हणाले, चार मेपासून आठ दिवस, पण माझ्या नावापुढे वहीत एकही ठपका नसला तर. एक जरी पडला तरी रजेचं नाव काढायचं नाही. म्हणून मी इथे अगदी गरीब गायीसारखा राहतो. कोणी ढकललं तर मीच माफी मागतो.

लंगोटांची काळजी करू नको. एक पार्सल येईल. कुठून आलं ते विचारू नको.

तुझा,
वेल्को


गोर्नी ब्रेस्त, २९ मार्च

प्रिय वेल्को,

सार्जंटची बायको मला फार आवडली. तिच्या सांगण्यावरून केलं आणि दोन महिन्यांचे पिवळे डाग दोन दिवसांत गेले. आईंनी लंगोट उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, वास घेतला, आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मला लग्नातही मिळाली नव्हती. फक्त एक कळत नाही. ही बाई रणगाड्यावर जाऊन तोपच्यांना पतंग न होऊ देता कसं पिळायचं ते शिकवते कधी? तुम्ही गोळे टाकता तेव्हा की त्याच्या आधी?

पार्सल मिळालं. तीस लंगोट, जाड, मऊ, चारही बाजूंनी दुहेरी शिवण. मी खरंच रडले. दागिनेबिगिने कोणी दिले असते तर एवढी रडले नसते.

मग उलगडून पाहिलं तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात काळा शिक्का. चांदणी, तिच्याखाली तुमच्या छावणीचा आकडा. तो कोपरा नेमका मागे येतो, त्यामुळे तुझी लेक सध्या बुडावर सैन्य घेऊन हिंडते. तीन वेळा उकळले, राखेच्या पाण्यात ठेवले, शिक्का जसाच्या तसा.

मी विचार करत बसले तोवर आईंनी तीसच्या तीस रस्त्याकडच्या दोरीवर घातले. शिक्के बाहेरच्या बाजूने. त्यांचा समज असा की सैन्याने हे तोपच्याच्या लेकीला मानाने पाठवले. अख्खा गाव येऊन बघून गेला. ब्लागोयेकाकाही आले, आता ते गावातल्या माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष झालेत, माहीत आहे ना. त्यांनी चष्मा लावला, एकेक लंगोट हातात घेऊन तपासला आणि आकडा वहीत लिहून घेतला. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, वेळ आली की कळेल.

वेल्को, हे लंगोट कुठले?

यागोदा


छावणी, ७ एप्रिल

यागोदा,

हे पत्र वाचून चुलीत टाक. त्याआधी ते लंगोट दोरीवरून काढ. म्हणजे आधी लंगोट काढ, मग पत्र वाच.

मी रणगाड्यावर नाही. मी धोबीखान्यात आहे. पहिल्या दिवशी तपासणीत माझे तळपाय सपाट निघाले, त्यांनी मला थेट इथे पाठवलं. फोटोतला रणगाडा फाटकाजवळ शोभेला ठेवलेला आहे, त्याला इंजिनच नाही. सगळे त्यावर चढून फोटो काढतात, स्वयंपाकीसुद्धा. सार्जंटच्या बायकोला मी कधी पाहिलेलं नाही. त्याचं लग्न झालंय की नाही तेही मला माहीत नाही.

तुला आठवतं, मला निघताना गावाने काय निरोप दिला होता. दोनशे माणसं जेवायला, ट्रम्पेटवाले, आईने रिवाजाप्रमाणे खांद्यावर बांधलेला टॉवेल, ब्लागोयेकाकांचं पाऊण तासाचं भाषण. ट्रम्पेट वाजवून पाठवलेला माणूस दोन हजार जणांच्या चड्ड्या धुतोय, हे कसं लिहिणार? एकदा रणगाडा लिहिला, मग आईने फोटो आरशाला लावला, मग उतरता येईना.

आता लंगोटांचं. ते इथल्या चादरींतून कापलेत. चादर मधे विरते, कडा चांगल्या राहतात. विरलेल्या चादरी वजनाने मोजून तोफा पुसायला जातात. मी चांगल्या कडा कापून घेतल्या आणि दुपारच्या सुट्टीत शिवल्या. मला ती चोरी वाटली नाही, अजूनही वाटत नाही, पण सैन्याला वाटेल. शिक्का मारलेलं कापड बाहेर सापडलं तर सात दिवस कोठडी आणि वहीत ठपका, आणि ठपका म्हणजे रजा गेली. शिक्का काढायच्या भानगडीत पडू नको. चादरीच्या चारही कोपऱ्यांवर तो मीच मारतो. ती शाई जात नाही.

ब्लागोयेकाकांनी तक्रार केली तर संपलं. त्यांना काहीतरी सांग. आणि आईला धोबीखान्याचं कळू देऊ नको. मला त्या आठ दिवसांपलीकडे काही नको आहे. मी तिला अजून पाहिलेलं नाही, यागोदा.

वेल्को


गोर्नी ब्रेस्त, १६ एप्रिल

वेल्को,

धोबीखान्याचं वाचून मी इतकी हसले की दूध उतू गेलं. मग राग आला. तू कपडे धुतोस याचा नाही. मी पाच महिने रोज झोपताना तो रणगाडा डोळ्यांपुढे आणत होते, त्याचं झाकण तुझ्या डोक्यावर पडेल म्हणून काळजी करत होते, त्या काळजीचं काय करू आता? इंजिन नसलेलं लोखंडाचं धूड, आणि मी त्याच्यासाठी मेणबत्त्या लावल्या.

आईंना धोबीखान्याचं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं की शिक्का उघड्यावर दिसणं वेल्कोला बरं नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, मला आधीच कळायला हवं होतं, इतक्या लोकांनी पाहिलं, दृष्ट लागणारच. दृष्टीवर त्यांच्याकडे एकच औषध, लाल धागा. घरातली लाल लोकर संपली तेव्हा तुझा शाळेतला लाल स्वेटर उसवला. आता तीसही लंगोटांच्या कोपऱ्यात शिक्क्यावर मुठीएवढा लाल गुलाब भरलेला आहे, पाकळ्यांसकट. शिक्का अजिबात दिसत नाही. नेवेना मात्र पाठीवर निजवली की कण्हते, कारण गुलाब टोचतो. मी तो कोपरा आता बाहेरच्या बाजूला दुमडते.

मला वाटलं सुटलो. काल ब्लागोयेकाकांना वाटेत गाठलं. म्हटलं, काका, त्या वहीतल्या आकड्याचं जरा विसरा ना. ते म्हणाले, विसरू कसा, पत्र गेलंसुद्धा. मी त्यांची बाही धरली. विचारलं, तक्रार केलीत? तर त्यांना राग आला. म्हणाले, तक्रार? पोरी, मी आभाराचं पत्र पाठवलं, थेट वेल्कोच्या कर्नलला. एका साध्या तोपच्याच्या तान्ह्या लेकीसाठी ज्या सैन्याने तीस लंगोट शिवले, त्या सैन्याला आमच्या मंडळाचा सलाम. खाली अकरा माजी सैनिकांच्या सह्या. आणि मंडळाचा शिक्का. रजिस्टर पोस्टाने.

मी म्हटलं, फार छान केलंत काका. घरी येऊन बादलीवर बसून राहिले.

चार मे अजून अठरा दिवसांवर आहे. पोस्टाला उशीर होवो, एवढंच मागते आहे.

यागोदा


छावणी, २७ एप्रिल

प्रिय यागोदा,

पोस्टाला उशीर झाला नाही.

सोमवारी कॅप्टन ब्रेझारांनी बोलावलं. टेबलावर पत्र होतं, ब्लागोयेकाकांची सही मी दारातूनच ओळखली, अर्धं पान व्यापते ती.

म्हणाले, "तोपची वेल्को तूच का?"

म्हटलं, "वेल्को मी. तोपची नाही, धोबीखाना."

"पत्रात तोपची लिहिलंय."

"ती पत्रातली चूक आहे, साहेब."

"आणि तीस लंगोट?"

"ते बरोबर आहेत."

ते पुन्हा पत्र वाचायला लागले. मी मनात सात दिवस मोजून टाकले. रजा गेली तेही मोजलं. तेवढ्यात ते म्हणाले, "कर्नलसाहेबांनी हे पत्र काल जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. आजवर त्यांना कोणी आभाराचं पत्र पाठवलेलं नाही. डोळे पुसले त्यांनी. मग विचारलं, ही कल्पना कोणाची?"

मी म्हटलं, "साहेब, शिक्षा मलाच करा, बाकी कोणाचा यात हात नाही."

"गप्प बस," म्हणाले. "मी त्यांना सांगितलं, कल्पना माझी."

मला काही कळेना. विचारलं, "मग ठपका नाही?"

"माझ्या कल्पनेवर मीच ठपका ठेवू का?"

यागोदा, मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण त्यांचं संपलं नव्हतं. कर्नलसाहेबांची आज्ञा झाली आहे. आमच्याकडे बेचाळीस शिपाई असे आहेत ज्यांच्या घरी तान्ही मुलं आहेत. प्रत्येकाच्या घरी लंगोट जायचे, पंचवीस मेच्या समारंभाआधी. विरलेल्या चादरी आहेत, शिवणयंत्र आहे, आणि हे काम येणारा माणूस अख्ख्या छावणीत एकच आहे. समारंभ झाला की सगळी तुकडी सरावाला डोंगरात जाते, तिच्याबरोबर धोबीखानाही. त्यामुळे माझी रजा आता सप्टेंबरात.

मी म्हटलं, साहेब, मी मुलीला पाहिलेलं नाही. ते म्हणाले, बेचाळीस जणांनीही नाही पाहिलेलं. ते खरंच आहे.

शिक्षा झाली असती तर सात दिवसांत सुटलो असतो. कौतुक झालं म्हणून अडकलो.

कोकरू भाजू नका. किंवा भाजा, पण मला सांगू नका.

वेल्को


छावणी, ९ मे

प्रिय यागोदा,

बारा दिवस झाले, तुझं पत्र नाही. रागावलीस ते कळतं. पण दोन ओळी लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल.

शंभर लंगोट झाले. शिवण आता डोळे मिटून होते. काल एक गोष्ट लक्षात आली. मी हे शिवू शकतो, उकळू शकतो, शिक्का मारू शकतो, पण बांधता येत नाही, कारण मी आजवर कोणाला बांधलाच नाही. स्वयंपाक्याकडून एक मोठा पाव मागून आणला आणि त्याच्यावर करून पाहिलं. नर्सबाईने सांगितलंय तसं, दुहेरी, रुंद. पावाला पाय नसल्यामुळे नीटसं समजलं नाही. तेवढ्यात कॅप्टन आले. त्यांनी पावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार लावून निघून गेले.

खरं सांगू का? सप्टेंबरपर्यंत ती आठ महिन्यांची होईल. माणसं ओळखायला लागेल. मी आत येईन आणि ती मला बघून रडेल, तुझ्या मागे लपेल. तोफेची मला कधी भीती वाटली नाही, कारण जवळ कधी गेलोच नाही. याची वाटते.

खुब्याचं काय म्हणाली नर्सबाई? निदान तेवढं कळव.

वेल्को


छावणीचं फाटक, ११ मे, सकाळी अकरा

वेल्को,

तुझं कुठलंही नवं पत्र मला मिळालेलं नाही, कारण मी तीन दिवस घरी नाही. सत्तावीस एप्रिलचं वाचलं आणि ठरवलं. तुला लिहिलं असतं तर तू नको म्हणाला असतास. नर्सबाईला विचारून आले. खुबे आता घट्ट आहेत, म्हणाली, प्रवासाला हरकत नाही, फक्त रुंद बांधणं सोडू नका.

आई बरोबर आहेत. त्यांना मागे ठेवायचं होतं, पण त्या माझ्या आधी स्टेशनवर जाऊन बसल्या होत्या. नीश स्टेशनात मी त्यांना धोबीखान्याचं सांगितलं. इथे येऊन कळण्यापेक्षा बरं. बेलग्रेडपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग समोरच्या बाईला म्हणाल्या, माझा मुलगा सैन्याच्या धोबीखान्यात असतो, दोन हजार माणसं त्याच्या हातचे कपडे घालतात, तुमचा काय करतो? ती म्हणाली, रणगाड्यावर आहे. आई म्हणाल्या, असू दे, सगळ्यांना नाही जमत.

डब्यात दोरी बांधली होती. झाग्रेबपर्यंत लोक लंगोटांखालून वाकून ये-जा करत होते आणि तिकीट तपासनीस तिकीट न बघता निघून गेला.

पहारेकरी म्हणतो, आज भेटीचा दिवस नाही, आत सोडता येत नाही, तुझ्या कॅप्टनला विचारायला माणूस गेलाय. चिठ्ठी मात्र तुला लगेच पोचवतो म्हणाला, म्हणून ही लिहिते आहे. आठ दिवस नकोत मला. फाटकाच्या या बाजूला एक तास ये. ती तुला ओळखणार नाही, बहुतेक रडेल, मीही रडणार आहे, तेव्हा त्याचं फार मनाला लावून घेऊ नको.

येताना कोरडे लंगोट आण, जेवढे हाताला लागतील तेवढे. आमचे तीसही संपले. मी लिहिते आहे म्हणून नेवेनाला पहारेकऱ्याने धरलंय, त्याची बंदूक आईंनी धरली आहे, आणि दोघांनाही आता फार वेळ धरवणार नाही.

यागोदा